फ्योर्डमध्ये अंगारकी

सासूबाई पुण्याहून इंग्लंडला आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या की पहिले तीन आठवडे आमचं घर आवरतात आणि चौथ्या आठवड्यात कंटाळतात. या वेळच्या चौथ्या आठवड्यात मी त्यांना चॅरिटी शॉपमधून हजार तुकड्यांचं जिगसॉ आणून दिलं. दोन उभे डोंगर, मध्ये हिरवट पाणी, काठाला सात-आठ घरं आणि एक बुटकं पांढरं चर्च. डायनिंग टेबल अडवून आईंनी ते पूर्ण केलं आणि तोवर आम्ही सगळे मांडीवर ताटं घेऊन जेवलो. शेवटी कळलं की एक तुकडा मुळातच नव्हता. चर्चच्या दाराच्या जागी आमच्या टेबलाचं लाकूड दिसत होतं.

"असं गाव खरंच असतं का गं?" आईंनी विचारलं.

"नॉर्वेत असतात."

"मग बघून येऊ. दार आहे की नाही तेवढं तरी कळेल."

माझा नवरा मंदार म्हणाला, "आई, स्कॉटलंड जवळ आहे, व्हिसाही लागत नाही."

"स्कॉटलंडचं जिगसॉ आणलं असतंत तर गेले असते," आई म्हणाल्या, आणि विषय संपला. गंमत म्हणजे आईंच्या पासपोर्टवर नॉर्वेलाही चालणारा शेंगेन व्हिसा होता. आम्ही पॅरिसला नेऊ या आशेनं त्या तो भारतातूनच काढून आल्या होत्या. (आईवडिलांना बोलावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: इथे व्हिजिटर म्हणून आल्यावर तो काढणं फार अवघड. निघण्यापूर्वीच काढायला सांगा.)

मुलीची शाळा चालू होती, म्हणून मंदार घरी थांबणार आणि आम्ही दोघी जाणार असं ठरलं. सासू-सून दोघीच जाणार म्हटल्यावर ऑफिसमधल्या मराठी मैत्रिणींनी माझ्याकडे जरा हळहळून पाहिलं.

मी बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्यांनी नीट केलेल्या कामात काय काय बिघडू शकेल हे शोधण्याचे मला पैसे मिळतात. त्यामुळे तयारी कशी केली हे वेगळं सांगायला नको. बोटींची वेळापत्रकं, हवामान, आईंच्या गुडघ्यांना झेपेल अशी वाट, जवळचा दवाखाना, प्रवासाचा विमा, सगळं दोनदा तपासलं. तिथी मात्र तपासली नाही. बेसिंगस्टोकमध्ये अठरा वर्षं राहून माझा तिथीशी संबंध दिवाळी-गणपतीपुरता उरला आहे, आणि तोही व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरं कुणीतरी कळवतं म्हणून.

शनिवार-रविवार: बेसिंगस्टोक ते बर्गन, बर्गन ते गाव

आमच्याकडून रेडिंग, तिथून गॅटविकची थेट ट्रेन आणि मग बर्गनचं विमान. विमान दोन तासांचं, ट्रेनची धाकधूक त्याहून जास्त. बर्गनला उतरल्यावर एक जुनी हौस फिटली नाही. ब्रिटिश पासपोर्ट घेतल्यापासून मला वाटत असे की कधीतरी आई एका रांगेत आणि मी ऐटीत दुसऱ्या रांगेत असू. ब्रेक्झिटनं दोघींना एकाच रांगेत उभं केलं. आईंचा शिक्का माझ्याआधी पडला.

बर्गनमध्ये एक रात्र राहिलो. महाग आहे. दोन सूप आणि ब्रेडचे जे पैसे दिले त्यात बेसिंगस्टोकला चौघांची थाळी आली असती. म्हणून माझा सल्ला असा: स्वयंपाकघर असलेली जागा घ्या आणि डाळ-तांदूळ बरोबर न्या. आम्ही दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याचं कूट आणि गोडा मसाला नेला होता. मसाल्याची पुडी कस्टमच्या माणसानं हुंगली आणि अगदी आदरानं परत केली.

रविवारी सकाळी बर्गनच्या धक्क्यावरून सोग्नेफ्योर्डकडे, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीकडे, जाणारी जलद बोट घेतली. तिकीट ऑनलाइन आधी काढा आणि उजवीकडच्या खिडकीत बसा. पहिले दोन तास नुसती बेटं आणि लाल बोटघरं. मग डोंगर दोन्हीकडून जवळ यायला लागतात आणि बोटीतले लोक हळूहळू बोलायचे थांबतात. एका छोट्या धक्क्यावर आम्ही उतरलो. तिथून गावाला नेणारी बोट आठवड्यातून तीनदाच असते: रविवार, बुधवार, शुक्रवार. गावाला रस्ता नाही. बोगदा होणार असं पूर्वीपासून म्हणतात, असं बोटवाल्यानं सांगितलं.

"तुम्हाला हवाय का बोगदा?" मी विचारलं.

"मी बोटवाला आहे," तो म्हणाला.

गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. वर्षभर राहणारी घरं इनमीन सात आहेत, आणि हा ब्लॉग वाचून त्यांतल्या एकाच्या दारात दहा मराठी माणसं थर्मास घेऊन उभी राहिली तर ते माझ्या मनाला लागेल. सोग्नेफ्योर्डच्या फाट्यांवर अशी आणखी गावं आहेत. आपापलं शोधा.

गाव म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी सांडलेल्या खेळण्यांसारखं. मागे सरळ उभा कडा, समोर पाण्यापलीकडे तसाच दुसरा. दोन धबधबे, पण इतक्या उंचावरून पडतात की खाली येईतो त्यांचं निम्मं धुकं झालेलं असतं. पाणी काचेच्या बाटलीसारखं हिरवं. चर्चला दार होतं. निळं, आणि कुलूपबंद. आईंनी त्यावर हात ठेवून पाहिला आणि समाधानानं मान हलवली.

आमची घरमालकीण सिग्रिड धक्क्यावर न्यायला आली होती. साठीची, दणकट, शेळ्या पाळणारी आणि कमी बोलणारी बाई. आई तिच्याशी पहिल्या मिनिटापासून मराठीत बोलायला लागल्या. मी भाषांतर करायला पुढे झाले तर दोघींनीही माझ्याकडे मध्ये कशाला कडमडतेस असं पाहिलं.

सोमवार: तपकिरी चीज आणि एक फोन

सकाळी सिग्रिडनं ब्रेडवर तपकिरी चीजचा पातळ काप ठेवून दिला. आईंनी तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मोठे केले. "अगं, हा तर बेळगावचा कुंदा!"

सिग्रिडनं समजावलं: शेळीच्या दुधाचं चीज केल्यावर जे पाणी उरतं ते दिवसभर आटवायचं, ढवळत राहायचं, घट्ट आणि गोड होईपर्यंत. आई म्हणाल्या, "म्हणजे खवाच. उगाच चीज म्हणतात." दूध कशानं फाडतात याबद्दल मी सिग्रिडला तीन प्रश्न विचारले, कारण काही ठिकाणी त्यात वासराच्या पोटातला अंश असतो आणि आई शाकाहारी आहेत. ती वनस्पतीचं वापरते म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला, पण तोवर आईंचा तिसरा काप संपला होता.

दुपारी काठाकाठानं चालत गेलो. वाट सोपी आहे. आईंनी मंदारचं केशरी जॅकेट आणि माझे जुने बूट घालून ती मजेत पार केली. जंगली रासबेरी अजून कच्च्या होत्या. पाण्यात एक काळी पाठ वर आली, फुस्स केलं, बुडाली. पॉरपॉइज, डॉल्फिनची बुटकी चुलत बहीण, असं नंतर कळलं. आई तिच्याशीही मराठीत बोलल्या.

संध्याकाळी सिग्रिडच्या वायफायवर पुण्याहून कुमुदमावशींचा, म्हणजे आईंच्या धाकट्या बहिणीचा, व्हिडिओ कॉल आला.

"काय गं ताई, साबुदाणा नेलायस ना? उद्या अंगारकी आहे."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. आई शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे गं. बटाटे आहेत इथे."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"तिकिटं काढलीस त्याच दिवशी बघितलं. इतकी हौसेनं सगळं करत होतीस, म्हटलं कशाला बोला. चंद्र काय, तिथेही असेलच की."

आईंनी संकष्टी कधी मोडलेली नाही. बाळंतपणात नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाही, सासऱ्यांच्या आजारपणात नाही. चंद्र बघायचा, अर्घ्य द्यायचं, मग जेवायचं. त्यात ही अंगारकी, वर्षभराच्या संकष्ट्यांचं पुण्य एकाच दिवसात देणारी. मी तसलं काही मानत नाही. पण मी न मानणं वेगळं आणि माझ्या बुकिंगमुळे त्यांचं मोडणं वेगळं. मी बाहेर जाऊन वर पाहिलं. आकाश होतं, पण दोन कड्यांच्या मध्ये, चिंचोळं, कुणीतरी दार किलकिलं ठेवावं तसं.

फोनवर चंद्राचं अ‍ॅप टाकलं. जूनच्या शेवटाला, इतक्या उत्तरेला, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार, दक्षिणेला क्षितिजाला घासून जाणार आणि सकाळी मावळणार. सगळ्यात उंच असेल तेव्हासुद्धा समोरच्या कड्याच्या गुडघ्याइतका. थोडक्यात, गावातून तो दिसणारच नव्हता. गावाबाहेर नेणारी बोट बुधवारी दुपारी.

टेस्टरच्या आयुष्यात असा दिवस येतो. सगळं तपासलेलं असतं, फक्त चंद्र राहतो.

मंगळवार: स्वच्छ, निरभ्र, दुर्दैवानं

सकाळी आईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बघू. दिवस मोठा आहे." मग त्या दूर्वा शोधायला निघाल्या.

सिग्रिडच्या कोठारावर जुन्या पद्धतीचं गवताचं छप्पर आहे. मागच्या बाजूला ते इतकं खाली येतं की हात पुरतो. मी घरातून बाहेर आले तर आई छपरावरचं गवत निवडून निवडून खुडत होत्या, आणि छपरावरून एक शेळी त्यांच्याकडे संशयानं बघत होती.

"आई, ते त्यांचं छप्पर आहे!"

"एकवीसच घेतेय. गळणार नाही."

"पण या दूर्वा आहेत का?"

"तीन पात्यांचं आहे. गणपतीला कळतं आपण कुठे आलोय ते."

सिग्रिड दारात उभी राहून हे पाहत होती. माझी फार पंचाईत झाली. मी तिला गणपती, उपास, चंद्र असं सगळं इंग्रजीत सांगितलं, आणि छपराबद्दल माफी मागितली. तिनं एवढंच विचारलं, "चंद्र दिसला नाही तर ती जेवणार नाही?"

"उकडलेले बटाटे, दूध, स्ट्रॉबेरी खाताहेत. पण जेवणार नाहीत."

सिग्रिड हं म्हणाली आणि बादली उचलून गेली.

दिवसभर आई मजेत होत्या. बटाट्यावर सिग्रिडचं लोणी आणि आमचं कूट. मी मात्र आकाशाकडे बघत होते. इंग्लंडला आल्यापासून पहिल्यांदाच मी मनापासून ढग मागत होते. त्याचं कारण संध्याकाळी सात वाजता आईंच्याच तोंडून आलं. पुण्यात तेव्हा साडेदहा झाले होते आणि कुमुदमावशींनी पुन्हा कॉल लावला. त्यांनी फोन गॅलरीबाहेर धरला. स्क्रीनवर राखाडी अंधार आणि पावसाचा आवाज.

"इथे काही दिसत नाही बाई. पण पंचांगात दहाचा चंद्रोदय आहे, आम्ही बसलोय पानावर." फोन वळला आणि मोदकांचं ताट दिसलं, वर तुपाची धार. मला वाटतं मावशींनी ते जरा जास्तच वेळ दाखवलं. "तूपण जेव ताई. पुण्याच्या माणसाला पुण्याचा चंद्र चालतो."

"मी आत्ता पुण्यात आहे का?" आई म्हणाल्या.

"मग निदान कॅलेंडर बघून जेव. पावसाळ्यात आपण तेच करतो की!"

"ते वेगळं. ढग आडवा आला तर ती देवाची मर्जी. आपणच हौसेनं डोंगराआड जाऊन बसायचं आणि म्हणायचं दिसत नाही, ही लबाडी झाली."

मला हा युक्तिवाद इतका बिनतोड वाटला की मी तो मनातल्या मनात दोनदा तपासला. एकही भोक सापडलं नाही. ढग आले असते तर आम्ही सुटलो असतो. आकाश मात्र घासून पुसून ठेवल्यासारखं निळं होतं.

रात्री दहा वाजता मंदारचा फोन आला. मी बाहेर पायरीवर बसून घेतला. तिथे त्या दिवसांत रात्र अशी होतच नाही, नुसता उजेड दमतो.

"आई जेवली का?"

"नाही. आणि सकाळपर्यंत जेवतील असं दिसत नाही."

"अगं, तिच्या बीपीच्या गोळ्या जेवणानंतरच्या आहेत."

"दुधाबरोबर दिल्यात. मी विचारलं होतं फार्मसीत, चालतं."

"सोड ना. समोर काहीतरी पांढरं दाखव आणि म्हण, तो बघा चंद्र. तिला काय कळणार आहे? जेवेल तरी बिचारी."

मी समोर पाहिलं, तर खरंच काहीतरी पांढरं होतं. पलीकडच्या कड्याच्या वरच्या घळीत बर्फाचा एक गोल तुकडा वितळायचा राहिला होता, आणि त्या निळसर उजेडात तो इतका चंद्रासारखा दिसत होता की मीसुद्धा आदल्या दिवशी एकदा फसले होते. तेवढ्यात आई बाहेर आल्या. माझ्या शेजारी बसल्या. डोळ्यांवर हात आडवा धरला आणि त्या तुकड्याकडे बोट करून म्हणाल्या,

"तो का गं चंद्र?"

फोन अजून चालू होता. मंदारनं ऐकलं आणि कुजबुजला, "हो म्हण, हो म्हण!"

खरं सांगते, तोंडापर्यंत आलं होतं. बहात्तर वर्षांची बाई, दिवसभर बटाट्यांवर. फक्त हो म्हणायचं. देव असलाच तर तो माझ्यावर रागावेल, आणि नसला तर प्रश्नच नाही. हिशेब पक्का होता. तरी मी म्हटलं, "नाही, आई. बर्फ आहे तो."

"बरं," आई म्हणाल्या. फोनमधून मंदारचा सुस्कारा ऐकू आला.

तेवढ्यात सिग्रिड आली, हातात कॉफी. ती आमच्यासमोर उभी राहिली आणि दोन दिवसांत बोलली नव्हती इतकं एका दमात बोलली. हिवाळ्यात या गावात तीन महिने सूर्य येत नाही, ती म्हणाली. डोंगरामागूनच जातो. ज्या दिवशी परत यायचा असतो त्या दिवशी सगळं गाव चर्चसमोर जमतं आणि सूर्य दिसला की सगळे बन खातात. बनचं नावच सूर्याचा बन.

"आणि ढग असले तर?" मी विचारलं.

"त्यावरून माझे आजोबा आणि शेजारी पूर्वी भांडले होते. मग ठरलं की एका माणसानं वर उन्हाळी गोठ्यापाशी जायचं. तिथून सगळं दिसतं. त्यानं पाहिला आणि खाली हाक मारली की गावानं पाहिला. बन खायचे."

"कोण जातं वर?"

"ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे तो. माझा नवरा कधीच नाही. त्याला बन फार आवडतात."

मी भाषांतर केलं. आईंनी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. दुसऱ्याचा निरोप म्हणजे काय हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. मग म्हणाल्या, "हे बरोबर आहे. तू जा. तू बघितलास की मी बघितला."

मी जाऊ? मी तर उपासही केला नव्हता. दुपारी तपकिरी चीजचं सँडविच खाल्लं होतं. तसं बोलूनही दाखवलं.

"तुला उपास कोणी करायला सांगितलाय? बघायला सांगितलंय."

बुधवार: वर

पहाटे सिग्रिडबरोबर निघाले. तिचा नवरा उन्हाळाभर बहुतेक शेळ्या घेऊन वरच राहतो आणि ती सकाळी दुधासाठी जाते. वाट उभी आहे, काही ठिकाणी साखळी धरून चढायची. चांगले बूट नसतील तर जाऊ नका, आणि पावसात तर अजिबात नको. आधी बर्च झाडं, मग नुसतं गवत आणि दगड, आणि सगळीकडून वाहणारं पाणी. सिग्रिड मागे वळून बघत नव्हती, पण मी थांबले की तीही बुटाची नाडी बांधायला थांबायची. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

वर पोचलो तेव्हा उन्हानं शिखरं धरली होती. गवताच्या छपराचा एक गोठा, घंटा वाजवणाऱ्या शेळ्या, दारात दाढीवाला नवरा. आणि दक्षिणेला, पहिल्यांदाच, मोकळं आकाश. डोंगरांच्या रांगांमागे रांगा, त्यांच्या तळाशी फ्योर्डची चकाकती पट्टी. फोनला रेंज आली. मी आईंना लावला. पहिल्याच रिंगला उचलला, झोपल्या नव्हत्या.

"हं. दिसला?"

मी डोळे ताणले. नैऋत्येला खाली, शेवटच्या रांगेच्या थोडं वर, काहीतरी फिकट होतं. कपडा धुताना साबणाचा डाग राहावा तसं.

"आई, काहीतरी आहे. पण तिथे थोडा ढगही आहे. मला ऐंशी टक्के वाटतंय."

"कामावर ऐंशी टक्क्यांवर सोडतेस का?"

"नाही."

"मग थांब. मला घाई नाही."

थांबले. सिग्रिडचा नवरा येऊन शेजारी उभा राहिला, त्या दिशेला बघून म्हणाला, "चंद्र आहे." मी म्हटलं, मला स्वतःला दिसायला पाहिजे. तो खांदे उडवून शेळ्यांकडे गेला. गार वारं सुटलं. ढगाची चिंधी हळूहळू डावीकडे सरकली आणि डाग तिथेच राहिला. त्याला कड आली. आत करडे ठिपके दिसले. सूर्य लख्ख वर आलेला असताना, भर उजेडात, तिथे चंद्र होता.

"दिसला, आई. शंभर टक्के."

"कोणती बाजू कमी आहे?"

"उजवी. उजवीकडची कड झिजलीय."

"बरोबर," आई म्हणाल्या. त्या मला तपासत होत्या याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. मी असते तर मीही तेच विचारलं असतं. "चल, ठेवते."

मी कड्याच्या टोकाशी, म्हणजे टोकापासून बऱ्यापैकी आत, जाऊन खाली पाहिलं. गाव नखाएवढं. एका घरातून एक केशरी ठिपका निघाला आणि सावकाश धक्क्यावर गेला. तिथे थांबला. वाकला. अर्घ्याचं पाणी दिसण्याइतकं जवळ नव्हतं, पण ठिपक्याची मान माझ्या दिशेला वर झाली एवढं कळलं. आईंना चंद्र दिसत नव्हता; डोंगर दिसत होता, आणि त्यावर कुठेतरी मी. मी वेड्यासारखा हात हलवला. शेळ्यांनी बघितलं.

खाली उतरलो तेव्हा आईंनी वरण-भात लावून, सिग्रिडच्या पिठाच्या पारीत तपकिरी चीज भरून मोदक उकडले होते. कळ्या वाकड्या झाल्या होत्या, त्याबद्दल त्यांनी पिठाला दोष दिला. सिग्रिडनं एक खाल्ला, दुसरा उचलला आणि म्हणाली, "चंद्राचे बन." तिसरा तिनं नवऱ्यासाठी रुमालात बांधला आणि थोड्या वेळानं रुमाल सोडून स्वतःच खाल्ला. कृती विचारू नका. मी बेसिंगस्टोकला दोनदा करून पाहिली, चीज वितळून पारीबाहेर आलं.

दुपारच्या बोटीत आई खिडकीशी बसल्या. गाव वळणाआड जायच्या आत त्या घळीतला पांढरा तुकडा पुन्हा दिसला. उन्हात आता तो साफ बर्फच वाटत होता.

"काल रात्री मला ठाऊक होतं तो बर्फ आहे," त्या म्हणाल्या.

"मग विचारलंत कशाला?"

"मंदारचा फोनवरचा आवाज दारापर्यंत येत होता. म्हटलं बघू तरी. मोतीबिंदू काढलाय माझा, अक्कल नाही काढली."

"आणि मी हो म्हटलं असतं तर?"

"जेवले असते," आई म्हणाल्या. "भूक लागली होती गं." मग घळीकडे बघत म्हणाल्या, "पण मग तुला वर पाठवलं नसतं."

घरी

प्रवासाचा हिशेब मांडायचा तर, तीन रात्री गावात पुरतात, चौथी असेल तर सोनं. तपकिरी चीज विमानतळावर दुप्पट भाव लावतात, गावातच घ्या. आणि जून-जुलैमध्ये जाणार असाल, घरात कोणी उपास करणारं असेल, तर तिकिटाआधी कॅलेंडर बघा. हे मी आता ऑफिसमधल्या सगळ्या मराठी मैत्रिणींना सांगते आणि त्या माझ्याकडे पुन्हा हळहळून बघतात.

माझ्यात काही भाविकपणा आला का, असं मी स्वतःला बरेचदा विचारलं. प्रामाणिक उत्तर: नाही. त्या सकाळी मला चंद्र दिसला, देव नाही. पण दुसऱ्या कुणासाठी काही बघायला जाणं आणि दिसेल तेवढंच सांगणं, हे काम वाटतं तितकं सोपं नाही आणि ते मला आवडलं, एवढं कबूल करते.

गेल्या आठवड्यात पुढची संकष्टी आली. बेसिंगस्टोकचं आकाश नेहमीप्रमाणे गोधडीसारखं, पण मधून मधून उसवलेलं, त्यामुळे नुसतं कॅलेंडर बघून जेवायला आई तयार नव्हत्या. आई स्वयंपाकघरात, कुकर उतरवलेला, ताटं मांडलेली. चंद्रोदयाची वेळ टळून गेली तसा भुकेला मंदार उठला. "मी बघतो," म्हणाला, मागचं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि लगेच आत आला. "दिसला, आई! चला, जेवू या."

आईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोळ्यांवर झाकण ठेवत म्हणाल्या, "तू बस. तिला पाठव."

मी मंदारचं केशरी जॅकेट घालून बाहेर गेले आणि कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभी राहिले, कारण आमच्या बागेत तिथूनच शेजाऱ्याचं छप्पर आड येत नाही. छपराच्या वर एका ठिकाणी ढग जरासा उजळ होता. साठ टक्के, मी मनाशी म्हटलं. फार तर पासष्ट.

"काय गं?" आतून आवाज आला.

"अजून नाही, आई."

"बरं," आई म्हणाल्या, आणि मंदार ताटापाशी बसला होता तिथून त्याचा सुस्कारा बागेपर्यंत ऐकू आला.